खेळाआधी २० मिनिटं द्या, गुडघा वाचवा

शेणवा : भातकापणी झाली की शहापूर-मुरबाडच्या मोकळ्या शेतांत पोरांचा फुटबॉल, कबड्डी सुरू होते. मात्र अंग गरम न करता थेट खेळायला उतरणं गुडघ्याला महागात पडतं. पळताना अचानक वळलं किंवा उडीनंतर ताठ पायावर उतरलं, तर आतला लिगामेंट फाटू शकतो. मग ऑपरेशन आणि कित्येक महिने खेळ बंद.

यावर ‘फिफा ११+’ हा सराव आहे. ८ मिनिटं हळू धावणं, १० मिनिटं ताकद, तोल आणि उड्या, शेवटी २ मिनिटं वेगात धावणं. उतरताना गुडघे वाकवायचे, आत झुकू द्यायचे नाहीत. नॉर्वेत १३ ते १७ वर्षांच्या फुटबॉलपटू मुलींमध्ये यामुळे दुखापती साधारण एक तृतीयांशाने घटल्याचं २००८च्या अभ्यासात दिसलं.

खर्च काहीच नाही; आठवड्यातून किमान दोनदा करावा. गुडघा लचकून सुजला, तर मालिश नको, आधी डॉक्टरांना दाखवा.