पाऊल वाकवण्यापासून रकाना भरण्यापर्यंत

शस्त्रक्रियेनंतर पायात होणाऱ्या रक्ताच्या गुठळीविषयी सर्जरीचे निवासी डॉक्टर बराच काळ एवढंच शिकत आले: राउंडवर पाऊल वरच्या बाजूला वाकवायचं आणि पोटरीत दुखतं का, ते विचारायचं. ही होमन्स यांची खूण. तिचा भरवसा नाही, हे पुस्तकातच असे; पण परीक्षेत विचारत, म्हणून पाठ होई.

गुठळी होऊच नये म्हणून काय करायचं, याला ठोस उत्तर मिळालं ते लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलातल्या विजय कक्कर यांच्या कामामुळे. 1975 साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या त्यांच्या चाचणीत 4,121 रुग्ण होते. रक्त गोठू न देणाऱ्या हेपॅरिनचे 5,000 युनिट शस्त्रक्रियेच्या दोन तास आधी, नंतर दर आठ तासांनी. गुठळी फुफ्फुसात जाऊन हेपॅरिन न घेतलेल्यांत 16 जण दगावले, घेतलेल्यांत 2. तरी सर्जनांचा हात आखडताच राहिला. रक्तस्राव झाला की बोट सर्जनकडे. दहा दिवसांनी घरी धाप लागून माणूस गेला, तर तो हार्ट अटॅक. शिकाऊ डॉक्टर आकडे वाचतो, पण उचलतो ती सरांची सवय.

ब्रिटनमध्ये 2005 साली संसदेच्या आरोग्य समितीने रुग्णालयात झालेल्या गुठळ्यांमुळे होणाऱ्या मृत्यूंचा अंदाज वर्षाला 25,000 दिला. 2010 साली इंग्लंडमध्ये रुग्ण दाखल होतानाच गुठळीची जोखीम तपासण्याशी रुग्णालयांचे पैसे जोडले गेले. फॉर्म भरायचं काम साहजिकच सर्वांत कनिष्ठ डॉक्टरकडे आलं.

आपल्याकडे ‘आशियाई लोकांना गुठळ्या होत नाहीत’ हा समज वॉर्डावॉर्डांत मुरलेला. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या 32 देशांच्या ‘एन्डॉर्स’ पाहणीत जोखमीच्या भारतीय रुग्णांपैकी जेमतेम सहातल्या एकाला योग्य प्रतिबंधक उपचार मिळाल्याचं दिसलं.

आता गुठळीची जोखीम मोजणारा कॅप्रिनी स्कोअर मोबाइलवर निघतो, प्रतिबंधाचं इंजेक्शन एनॉक्सापॅरिन 40 मिलिग्रॅम हे झोपेतही सांगता येतं. अडतं ते ‘किती दिवस’ इथे. पोटातल्या कॅन्सरच्या शस्त्रक्रियेनंतर आठवड्याऐवजी चार आठवडे इंजेक्शन दिल्यास गुठळ्यांचं प्रमाण 12 टक्क्यांवरून 4.8 वर येतं, हे 2002 सालीच छापून आलं. पण डिस्चार्ज कार्डावर टाके काढण्याची तारीख असते, गोळ्या असतात. उरलेल्या तीन आठवड्यांची इंजेक्शनं घरी कोण टोचणार, हे बहुतेकदा कुणी विचारलेलंच नसतं.