टँकरच्या गावातली बाग

मराठवाड्यात एप्रिल लागला की अनेक घरांत एकच वाद निघतो: झाडांना पाणी घालायचे की नाही? नळाला आठवड्यातून एकदा पाणी, टँकरचा दिवस चुकला तर हंडा घेऊन शेजारी जायचे, आणि इकडे ओट्यावर पंधरा कुंड्या माना टाकून उभ्या. घरातली माणसे म्हणतात, आधी माणसांचे बघा, मग झाडांचे. ज्या बाईने ती झाडे लावली, तीच बहुतेक वेळा पाणीही भरत असते. त्यामुळे तिला उलट उत्तर देता येत नाही. मग गुलाब जातो, जास्वंद जाते, आणि मे संपेपर्यंत रिकाम्या कुंड्या गच्चीच्या कोपऱ्यात रचून ठेवल्या जातात. जूनमध्ये रोपवाला हातगाडी घेऊन येतो आणि आपण पुन्हा तीच झाडे घेतो.

या वादात खोटे कोणीच नाही. एप्रिल 2016 मध्ये मिरजहून रेल्वेच्या टाक्या भरून लातूरला पिण्याचे पाणी आणावे लागले. 12 एप्रिलला पोहोचलेल्या पहिल्या गाडीत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. ज्या शहराने हे पाहिले, तिथे कुंडीत बादलीभर पाणी ओतताना हात थबकणारच. पण म्हणून अंगण उजाड ठेवावे लागते, असेही नाही. पाणी वाढवता येत नसेल तर झाडे बदलता येतात.

हिशेब करून पाहू. मे महिन्यात कुंडीतल्या गुलाबाला किंवा जास्वंदीला रोज लिटरभर पाणी लागते. पंधरा कुंड्यांचे पंधरा लिटर, म्हणजे रोज एक हंडा आणि महिन्याला तीस हंडे. त्याच पंधरा कुंड्यांत निवडुंग, कोरफड आणि मांसल पानांची झाडे असतील, तर दहा दिवसांतून एकदा अर्धा लिटर पुरते. महिन्याचे झाले साडेबावीस लिटर, म्हणजे दीड हंडा. तीस हंड्यांच्या जागी दीड हंडा लागला, तर त्या वादात फारसे काही उरत नाही.

हिरवळीची कल्पना आली कुठून?

बाग म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर हिरवळ, कारंजी आणि फुलांचे ताटवे येतात. औरंगाबादच्या बीबी का मकबऱ्याची चारबाग पाहिलेल्याला ते साहजिकही आहे. पण त्या शहराची हिरवाई नहरींच्या जोरावर उभी होती. मलिक अंबरने 1610 मध्ये खडकी वसवली आणि डोंगरातले पाणी जमिनीखालच्या नहरीने शहरात आणले. ज्याच्या दारात नहर आहे, त्याने तशी बाग करावी. लॉन ही तर रिमझिम पावसाच्या विलायतेची चीज. आपल्याकडे वर्षाचा जवळजवळ सगळा पाऊस चार महिन्यांत पडतो आणि उरलेले आठ महिने जमीन त्याच पुंजीवर जगते. आपल्या रानातली झाडे या हिशेबाने जगायला शिकलेली आहेत. बाग लावताना त्यांच्याकडे पाहिले पाहिजे.

पाणी साठवणारी झाडे

बहुतेक झाडे दिवसा पानांची सूक्ष्म छिद्रे उघडून हवा घेतात. त्याच वेळी उन्हामुळे त्यांतले पाणी उडून जाते. निवडुंग आणि त्यासारखी अनेक मांसल झाडे ही छिद्रे दिवसा मिटून ठेवतात. रात्री गारव्यात ती उघडून हवा घेतात, साठवतात आणि दिवसा त्यावर अन्न तयार करतात. शिवाय खोडात किंवा पानांत पाण्याचा साठा असतोच. म्हणून ती तहान सोसतात. अरबी भाषेत अशा झाडांना सब्बार म्हणतात, आणि सब्र हा शब्दही त्याच अक्षरांतून आलेला आहे.

नावांचा थोडा घोटाळा मात्र सोडवून घ्यायला हवा. ज्यांना शास्त्रात कॅक्टस म्हणतात, ती झाडे एखादा अपवाद सोडता मूळची अमेरिका खंडातली. आपल्या माळावरचा त्रिधारी निवडुंग आणि कुंपणाचा शेर हे कॅक्टस नव्हेत, ते वेगळ्या कुळातले आहेत. ओळख सोपी आहे. कॅक्टसचे काटे लवदार गादीसारख्या बारीक ठिपक्यांतून फुटतात आणि त्याला बहुधा पांढरा चीक नसतो. त्रिधारी निवडुंग किंवा शेर जरा खरचटला तरी दुधासारखा चीक गळतो. हा चीक त्वचेला भाजतो आणि डोळ्यात गेला तर डोळ्याला गंभीर इजा करू शकतो. चीक डोळ्यात गेलाच तर डोळा न चोळता स्वच्छ पाण्याने बराच वेळ धुवावा आणि लगेच डॉक्टरांकडे जावे. लहान मुलांच्या घरात ही झाडे हाताला लागतील अशी ठेवू नयेत. अडेनियमचा चीकही विषारी असतो.

घरोघरी 'ब्रह्मकमळ' म्हणून जपले जाणारे आणि रात्री उमलणारे फूल हेही मेक्सिकोकडच्या एका कॅक्टसचेच आहे. हिमालयातले खरे ब्रह्मकमळ वेगळे. म्हणजे आपल्यापैकी अनेकांच्या घरी नकळत एक कॅक्टस कधीचाच नांदतो आहे.

सुरुवात करणाऱ्याने कोरफड, पानफुटी, स्नेक प्लांट आणि ऑफिस टाइम ही चार झाडे घ्यावीत. कोरफड मूळची अरबस्तानाच्या बाजूची, पण आपल्याकडे इतकी रुळली की कोणी तिला परकी म्हणत नाही. पानफुटीचे एक पान मातीवर ठेवले तरी त्याच्या कडेला रोपे फुटतात. ऑफिस टाइमची काडी खोचली की लागते आणि ऊन चढले की फुले उघडतात. ही झाडे शेजारणीकडून मागून आणता येतात. पैसा खर्चायचे कारण नाही.

आपल्या महाराष्ट्राचे स्वतःचे एक मांसल झाडही आहे, शिवसुमन. जुन्नरच्या शिवनेरीवर आणि सह्याद्रीतल्या मोजक्या कड्यांवर ते वाढते. मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रेअर यांच्या नावावरून त्याचे शास्त्रीय नाव पडले. ते अतिशय दुर्मीळ आहे. असे झाड किंवा माळावरचे माकडशिंग कड्यावरून उपटून घरी आणू नये. रोपवाटिकेत वाढवलेले रोप मिळाले तरच घ्यावे.

पाण्यापेक्षा माती महत्त्वाची

निवडुंग उन्हाळ्यात फारसे मरत नाहीत, ते पावसाळ्यात मरतात. आपली काळी माती पाणी धरून ठेवते, आणि शेतीतला हा गुण कुंडीतल्या निवडुंगाच्या जिवावर उठतो. मुळे कुजतात, खोड मऊ पडते आणि एक दिवस झाड कलते.

म्हणून एक भाग साधी माती, एक भाग जाड वाळू किंवा विटांचा चुरा आणि एक भाग चांगले कुजलेले शेणखत असे मिश्रण करावे. कुंडी मातीची घ्यावी आणि तिला तळाशी भोक हवेच. पाणी घालण्याआधी एक काडी मातीत खोल खुपसून बाहेर काढावी. तिला ओल चिकटली तर त्या दिवशी पाणी घालू नये. घालाल तेव्हा मात्र खालून निथळेपर्यंत घालावे, चमचा-चमचा नको. पावसाळ्यात या कुंड्या वळचणीखाली किंवा पत्र्याखाली हलवाव्यात. कोकणातल्या वाचकांना तर हे करावेच लागेल, कारण तिथे पावसाळ्यात झाड बुडते आणि मे महिन्यात विहीर आटते.

अंगणासाठी आपल्या मातीतली झाडे

जमिनीत झाड लावण्याइतकी जागा असेल तर निवड आणखी मोठी.

तरवड माळरानावर कोणीही पाणी न घालता पिवळ्या फुलांनी भरून येतो. शेळ्या-गुरे त्याला सहसा तोंड लावत नाहीत, त्यामुळे कुंपणाविनाही वाढतो. बियांचे कवच टणक असते. त्या गरम पाण्यात रात्रभर भिजवून पेरल्या की लवकर उगवतात.

मेंदी तर आपल्या घरातलीच. ईद आणि लग्नकार्य आले की आपण बाजारातून कोन आणतो. त्यांतल्या काहींत काय मिसळलेले असते ते सांगता येत नाही, आणि मुलींच्या हातांची आग होते. मेंदीचे झुडूप उन्हाला आणि कमी पाण्याला चांगले दाद देते. कोरड्या, कडक उन्हात वाढलेल्या पानांना रंगही गडद येतो. पावसाळ्यात फांद्या खोचून कुंपण करावे. पाने वाळवून, वाटून, वस्त्रगाळ केली की वर्षभराची मेंदी घरची.

बोर लावायला जागा असेल तर जरूर लावावी. खोल मुळांचे हे झाड एकदा रुजले की दुष्काळातही उभे राहते. मय्यतीच्या गुस्लसाठी बोरीची पाने लागतात, आणि शहरातल्या मोहल्ल्यांत ऐन वेळी ती शोधत फिरावे लागते. एखाद्या घराच्या परसात किंवा कब्रस्तानाच्या कडेला एक बोर असली तर साऱ्या जमातीची सोय होते. तिची छाटणी एप्रिल-मे महिन्यांत करावी. पावसात नवी फूट येते आणि हिवाळ्यात फळे धरतात.

शतावरीच्या मुळांनाच गाठी असतात, त्यांत ती पाणी साठवते. कोरांटी फांदीवरून लागते आणि पाऊस सरल्यावर फुलते. करवंदाचे काटेरी कुंपण फळेही देते. सीताफळ मूळचे अमेरिकेकडचे असले तरी बीडकडच्या बालाघाटाच्या डोंगरांत असे रुळले आहे की तिथल्या खडकाळ जमिनीत ते आपोआप उगवते.

या झाडांबद्दल एक गैरसमज असतो. रानात त्यांना कोणी पाणी घालत नाही, म्हणून घरीही घालायचे नाही, असे समजून रोपे वाळवली जातात. पहिले दोन उन्हाळे रोपाला आधार लागतोच. त्यासाठी जुना उपाय म्हणजे मडके. बिनझिलईचे मडके रोपाशेजारी गळ्यापर्यंत पुरावे, पाण्याने भरावे आणि वर झाकण ठेवावे. मडक्यातून पाणी हळूहळू झिरपते आणि थेट मुळांशी पोहोचते, उन्हाने उडून जात नाही. आळ्यात पालापाचोळा, भुसा किंवा उसाचे पाचट चार बोटे जाड पसरावे.

प्रत्येक काटक झाड चांगले नसते

कमी पाण्यावर जगणारे म्हणून वाटेल ते झाड आणू नये. अठराव्या शतकाच्या शेवटी इंग्रजांनी किरमिजी रंगासाठी त्याचा किडा भारतात आणला. तो किडा ज्यावर जगतो, तो फड्या निवडुंग देशभर माळांवर पसरला होता. रंगाचा धंदा नीट चालला नाही, पण त्या किड्याने एका जातीच्या निवडुंगाचे रान फस्त केले. दुसरी जात उरली, आणि ती आवरण्यासाठी 1926 मध्ये श्रीलंकेतून वेगळा किडा आणावा लागला. घाणेरी तिच्या फुलांसाठी आणली गेली, वेडी बाभूळ जळणासाठी. आज दोन्हींनी गायराने व्यापली आहेत आणि त्यांच्याखाली गवत वाढत नाही. ही झाडे कुंपणाला लावू नयेत, उगवली तर लहान असतानाच मुळासकट काढावीत.

वुजूचे पाणी

हदीसच्या ग्रंथांत येते की प्रेषित (स.) एका मुद्द पाण्यात वुजू करीत. मुद्द हे ओंजळीचे माप, साधारण लिटरभराच्या आतले. आपण नळ सोडून बसलो की त्याच्या कितीतरी पट पाणी वाहते. तेव्हा पहिले काम, नळाऐवजी तांब्या किंवा बधना हाती घेणे. त्यानंतरही जे पाणी उरते ते झाडांचे. एका वुजूला दोन लिटर धरले तर पाच वेळचे दहा आणि पाच माणसांचे पन्नास लिटर रोज. त्यात साबण नसतो, म्हणून न्हाणीच्या किंवा भांड्यांच्या पाण्यापेक्षा ते झाडांसाठी चांगले. खाली एक टब ठेवला की जमते.

मशिदीत वुजूखान्याची नाली शौचालयाच्या नालीपासून वेगळी काढली, तर ते पाणी आवारातल्या कडुनिंबाला आणि बोरीला जाऊ शकते. जमातीच्या बैठकीत हा विषय मांडण्यासारखा आहे. पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रातून बाहेर टाकले जाणारे पाणी मात्र क्षारयुक्त असते, ते कुंड्यांना रोज घालू नये.

कधी काय करावे

जूनचा पहिला चांगला पाऊस झाला की जमिनीतली रोपे लावावीत, म्हणजे चार महिने मुळे पसरायला मिळतात. त्याच वेळी निवडुंगाच्या कुंड्या आडोशाला न्याव्यात. पाऊस थांबल्यावर त्या पुन्हा उन्हात आणाव्यात आणि हवी असेल तर माती बदलावी. हिवाळ्यात त्यांचे पाणी आणखी कमी करावे, तीन आठवड्यांतून एकदा पुरते. फेब्रुवारीत मडकी पुरावीत आणि पाचट पसरावे. मे महिन्यात नवीन काहीही लावू नये, आहे ते सांभाळावे.

यंदा सगळ्या कुंड्या एकदम बदलायची गरज नाही. आवडता एखादा मोगरा ठेवा, टबातले पाणी त्याला पुरेल. बाकी रिकाम्या कुंड्यांचे भोक तपासा, वाळू मिसळा आणि कोरफडीचे एक पिल्लू कोणाकडून तरी मागून आणा.