क्लब विकत घेणं: कमाई कुठे, धोका कुठे?

खापरकर मंडळी, आपल्या जिल्ह्यातलं नवापूर पोल्ट्रीसाठी ओळखलं जातं. याच धंद्यातल्या पुण्याच्या व्यंकीज समूहाने नोव्हेंबर 2010 मध्ये इंग्लंडचा ब्लॅकबर्न रोव्हर्स हा फुटबॉल क्लब 2.3 कोटी पौंडांना घेतला. क्लबवरचं कर्जही सोबत आलं.

तेव्हा ब्लॅकबर्न प्रीमियर लीगमध्ये होता, टीव्हीचा पैसा भरपूर यायचा. 2012 मध्ये संघ खालच्या श्रेणीत घसरला, 2017 मध्ये आणखी एक पायरी खाली गेला, 2018 मध्ये एक पायरी वर आला. श्रेणी घसरली की उत्पन्न झपाट्याने आटतं, पण खेळाडूंचे करार आणि पगार चालूच राहतात. ती तूट मालक भरतो.

आयपीएलचं गणित वेगळं आहे. तिथे संघ खाली घसरत नाही आणि प्रसारणाच्या पैशातला वाटा प्रत्येक संघाला मिळतो. रिलायन्सने 2008 मध्ये मुंबई इंडियन्स सुमारे 11.2 कोटी डॉलरना घेतला. आज त्याचं मोल कितीतरी पट आहे. पण तिथेही हमी नाही. सहाराने 2010 मध्ये पुणे वॉरियर्ससाठी 37 कोटी डॉलरची बोली लावली. शुल्क आणि बँक हमीच्या वादात 2013 मध्ये संघच संपला.

म्हणून क्लबची किंमत ऐकली की तीन प्रश्न विचारा:
✅ घसरणीचा धोका आहे का?
✅ टीव्हीच्या पैशात ठरलेला वाटा आहे का?
✅ तोट्याची वर्षं सोसायची मालकाची ताकद आहे का?

तुमचा आवडता संघ कोणता? त्याचं गणित कमेंटमध्ये मांडू या!

#खापर #नंदुरबार #खेळाचं_अर्थकारण