तीन हजारांचे शहर

कोल्हापूरपासून सुमारे २० किलोमीटरवर, समुद्रसपाटीपासून तीन हजार फुटांहून उंच असलेला पन्हाळा हे तालुक्याचे ठिकाण आहे आणि त्याला स्वतंत्र गिरिस्थान नगरपरिषदही आहे. २०११च्या जनगणनेत मात्र इथली लोकसंख्या सुमारे तीन हजारच भरली. जनगणनेच्या निकषाने बिगर-नगरपालिका वस्तीला शहर म्हणवून घ्यायला किमान पाच हजार माणसे लागतात. मग एवढ्याशा वस्तीला नगरपरिषद हवी कशाला, असा आक्षेप येतो.

त्याचे उत्तर भूगोलात आहे. पन्हाळा हा गड आहे; तट आणि कडे यांनी वेढलेल्या त्याच्या माथ्यावर वस्ती पसरायला जागाच नाही. म्हणून इथली संख्या वाढत नाही. पण दाखल्यासाठी, कज्ज्यासाठी तालुक्यातली माणसे इथेच येतात. गडावरचे तीन दरवाजा, अंबरखाना पाहायला पर्यटक येतात. पाणी, कचरा, वाहनतळ यांचा भार या सगळ्यांचा असतो, घरपट्टी मात्र मोजक्या घरांची. जुलै २०२१मध्ये गडाचा मुख्य रस्ता खचला, तेव्हा अडचण केवळ गडकऱ्यांची नव्हती. मोजक्यांसाठी सरकारी पैसा का, असे विचारणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. निधी ठरवताना राहणाऱ्यांबरोबर येणाऱ्यांचीही मोजदाद व्हायलाच हवी.