वॉरंटपासून रिफंडपर्यंत

ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर रात्रीतून धाडी घातल्या आणि सातशेहून अधिक जणांची चौकशी केली. बहुतेक जण कोवळ्या वयाचे होते. अमेरिकन नावं घेऊन ते अमेरिकेतल्या लोकांना फोन करत: ‘मी आयआरएसमधून, म्हणजे आयकर खात्यातून बोलतोय. तुमचा कर थकलाय, वॉरंट निघालंय, थोड्याच वेळात पोलीस दारात येतील.’ घाबरलेल्या माणसाला फोन ठेवू द्यायचा नाही, तसंच बोलत बोलत दुकानात पाठवायचं, आयट्यून्सची गिफ्ट कार्डं घ्यायला लावायची आणि त्यांच्यावरचे नंबर वाचून घ्यायचे, की काम फत्ते! म्हातारी माणसं आणि त्या देशात नव्याने आलेले लोक यात सर्वाधिक भरडले गेले.

याच धंद्यातल्या अहमदाबादच्या एका टोळीच्या अमेरिकेतल्या साथीदारांना २०१८ मध्ये ह्यूस्टनच्या न्यायालयाने वीस वर्षांपर्यंतच्या शिक्षा ठोठावल्या. आपल्याकडे मात्र मीरा रोडच्या म्होरक्याच्या महागड्या गाडीचीच चर्चा जास्त झाली. खरं तर तेव्हा त्या संभाषणाबद्दल घरोघरी बोलायला हवं होतं. ‘सरकारी खातं, मोठी चूक, आत्ताच्या आत्ता पैसे, फोन ठेवू नका’ हाच साचा पुढे आपल्याही घरात आला.

आपल्या आयकर खात्याने या काळात एक फार मोलाची गोष्ट केली, आणि तिची माहिती अजूनही पुरेशा लोकांना नाही. १ ऑक्टोबर २०१९ पासून खात्याच्या प्रत्येक नोटिशीवर, आदेशावर, पत्रावर ‘डिन’ हा संगणकाने दिलेला क्रमांक असलाच पाहिजे, असा नियम झाला. अपवाद मोजकेच. आयकराच्या पोर्टलवर लॉगिन न करताही तो क्रमांक आणि आपला मोबाइल नंबर टाकून नोटीस खरी की खोटी हे पाहता येतं. त्याआधी शिक्का आणि सही असलेला कागद पाहून माणूस हबकायचा आणि ओळखीच्या सीएकडे धावायचा. आता तपासण्याचं साधन त्याच्याच हातात आहे. २०२० मध्ये ‘फेसलेस’ करनिर्धारण सुरू झालं, तेव्हापासून तर बहुतांश प्रकरणांत अधिकारी कोण हे करदात्याला कळतही नाही. मग ‘मी तुमच्या केसचा अधिकारी, इतके पाठवा, मिटवून टाकतो’ म्हणणारा कोण, हे वेगळं सांगायला नको.

म्हणूनच असेल, पुढे धमकीच्या जोडीला आमिष आलं. २०२३ च्या रिटर्न भरण्याच्या दिवसांत फिरलेला एक मेसेज नीट वाचण्यासारखा आहे. तुमचा १५,४९० रुपयांचा रिफंड मंजूर झाला आहे, तो अमुक खात्यात जमा होईल, खाते क्रमांक चुकीचा असेल तर या लिंकवर दुरुस्त करा. सरकारच्या पीआयबीने, म्हणजे पत्र सूचना कार्यालयाने, तो खोटा असल्याचं जाहीर केलं. यातली मेख खाते क्रमांकात आहे. तो आपला नसतोच, त्यामुळे आपले पैसे दुसऱ्याला जातील या धास्तीने माणूस लिंक दाबतो आणि स्वतःच्या हाताने बँकेचा तपशील भरून देतो. रिफंड जमा होतो तो पोर्टलवर आपण आधीच पडताळून ठेवलेल्या खात्यात. त्यासाठी आयकर खातं ओटीपी, पिन किंवा कार्डाचा नंबर विचारत नाही. मेसेज खरा वाटला तरी त्यातली लिंक सोडून द्यावी आणि ‘इन्कमटॅक्स डॉट जीओव्ही डॉट इन’ हा पत्ता स्वतः टाइप करून पाहावं.

२०२४ मध्ये ‘डिजिटल अरेस्ट’ने, म्हणजे फोनवरूनच केलेल्या खोट्या अटकेने, कहर केला. कधी सीबीआय, कधी कस्टम्स, व्हिडिओ कॉलवर गणवेश, आणि माणूस तासन् तास स्वतःच्याच घरात कोंडलेला. त्या वर्षी २७ ऑक्टोबरच्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनाही सांगावं लागलं, की अशी अटक कायद्यात नाही.

पैसे गेलेच, तर १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा क्रमांक तत्काळ फिरवायचा. तक्रार मिळताच रक्कम ज्या बँकेत पोचली असेल तिथे गोठवण्याची धडपड सुरू होते. पण आपली माणसं लाजेपोटी बोलत नाहीत, मुलांना काय सांगू म्हणून रात्र काढतात, आणि तेवढ्या वेळात ती रक्कम चार-पाच खात्यांतून फिरून एटीएममधून काढलेली असते.