टेम्पर्ड ग्लासखालचे रंगीत पट्टे म्हणजे चक्क मोजपट्टी!

नवीन टेम्पर्ड ग्लास लावून घेतली की कधीकधी कडेला तेलाच्या तवंगासारखे रंगीत पट्टे दिसतात. बोटाने दाबलं की सरकतात. दुकानदार म्हणतो, "दोन दिवसांत जाईल." ते जातं की नाही हा भाग वेगळा, पण स्क्रीन आणि काच यांच्यात किती फट राहिलीय, हे ते पट्टे सांगत असतात.

होतं असं, की थोडा प्रकाश वरच्या काचेच्या खालच्या बाजूवरून परततो आणि थोडा फट ओलांडून खालच्या काचेवरून. दुसऱ्याला जास्त अंतर कापावं लागतं. परत आल्यावर दोघांच्या लाटा जुळल्या तर उजेड, उलट पडल्या तर अंधार. यालाच व्यतिकरण म्हणतात. पांढऱ्या उजेडात प्रत्येक रंगाची तरंगलांबी वेगळी, म्हणून रंग दिसतात. फट वाढली की ते एकमेकांत मिसळून जातात. म्हणजे रंग दिसतोय तिथे फट फार तर एक-दोन मायक्रॉनची आहे.

मोजमाप करायचं तर एकच रंग हवा. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी आम्हाला सोडियम लॅम्प दिला होता. त्याची तरंगलांबी सुमारे 589 नॅनोमीटर. दोन काचपट्ट्या एका कडेला टेकवायच्या आणि दुसऱ्या बाजूला मध्ये केस ठेवायचा. मायक्रोस्कोपमधून बघितलं की पिवळे-काळे पट्टे एकापाठोपाठ एक. मी माझाच केस उपटला होता.

दहा पट्टे 2.5 मिलिमीटरमध्ये बसले. (एकेक पट्टा मोजू नका. मायक्रोस्कोप 0.01 मिलिमीटरपर्यंतच वाचतो, म्हणजे एका पट्ट्यात थेट 4 टक्के चूक. दहा एकदम मोजले की 0.4 टक्के.) केस कडेपासून 5 सेंटीमीटरवर, म्हणजे एकूण 200 पट्टे. मी 200 गुणिले 589 केलं आणि जर्नलमध्ये लिहिलं: 118 मायक्रॉन.

व्हायवाला सरांनी एवढंच विचारलं, "प्रकाश नुसता जातो? परत येत नाही?"

तो फट दोनदा ओलांडतो. त्यामुळे एका काळ्या पट्ट्यापासून पुढच्या काळ्या पट्ट्यापर्यंत फट अर्ध्या तरंगलांबीनेच वाढते, साधारण 295 नॅनोमीटर. केस निघाला 59 मायक्रॉनचा. आणखी एक गंमत: काचा टेकतात तिथे फट शून्य, तरी पट्टा काळा असतो, कारण खालच्या काचेवरून परतताना लाट उलटी होते.

याच पद्धतीने काच किती सपाट आहे तेही कळतं. पट्टे सरळ असतील तर ठीक. एखादा पट्टा दोन पट्ट्यांमधल्या अंतराच्या निम्म्याने वाकला, तर तिथे सुमारे 147 नॅनोमीटरचा उंचवटा किंवा खळगा आहे.

पण फट पहिल्या पट्ट्याइतकीही नसेल तर? हार्ड डिस्कचं हेड फिरत्या तबकडीवर काही नॅनोमीटर उंचीवर तरंगतं. टेकलं की डेटा गेलाच म्हणून समजा. ही उंची तपासताना धातूच्या तबकडीऐवजी काचेची तबकडी फिरवतात आणि तिच्यातून हेडवर प्रकाश टाकतात. तिथे मोजायला पट्टेच नसतात. मग एकापेक्षा जास्त रंगांचा प्रकाश वापरून, प्रत्येक रंग किती उजळ परत येतो त्यावरून फट काढतात.