ताडपत्री, दोर आणि पाठचा वारा

नकाशात बारामती आणि इंदापूर जवळजवळ एकाच आडव्या रेषेवर पडतात. इंदापूर पूर्वेला, रस्त्यानं पन्नासेक किलोमीटर. भूगोलाच्या पेपरात एवढ्यावर अर्धा गुणही मिळणार नाही. पण आषाढाच्या तोंडावर टपावर बोजा बांधून या रस्त्यानं जाणाऱ्याच्या दृष्टीनं तालुक्यातली सगळ्यात कामाची माहिती हीच आहे, कारण त्या दिवसांत इथला वारा पश्चिमेकडून येतो. सह्याद्रीच्या आडोशाला असल्यामुळे हा भाग पावसाला पारखा, पण वाऱ्याला कधीच पारखा नाही.

तंबू, अंथरूण, भांडी गाडीवर लादून रोज नव्या गावी मुक्काम करायचा, याला आता कॅम्पिंग म्हणतात. तुकोबांचे चिरंजीव नारायण महाराज यांनी 1685 साली पालखी सोहळा सुरू केला, तेव्हापासून ही वाट या गोष्टीला सरावलेली आहे. पूर्वी ओझं बैलगाड्यांवर असायचं, आता ट्रकवर. उंडवडीहून बारामती, मग काटेवाडी, सणसर, बेलवाडीचं रिंगण, निमगाव केतकी, इंदापूर, सराटी. माणसं चालत जातात आणि दिंडीचा ट्रक त्यांच्या आधी पुढच्या मुक्कामी पोचलेला असावा लागतो. म्हणजे अख्खं बिऱ्हाड रोज पहाटे बांधायचं आणि दुपारी सोडायचं.

हौदा भरताना बघत उभं राहावं. तळाला पिठाची पोती, तांदूळ, डाळ, सिलिंडर. त्यावर पातेली आणि पराती एकात एक. मग वारकऱ्यांच्या वळकट्या आणि पिशव्या. सगळ्यात वर राहुट्या आणि बांबू. जड खाली, हलकं वर, हे कुणीही सांगेल. गंमत अशी की मुक्कामाला पोचल्यावर आधी लागतात त्या राहुट्याच, आणि त्याच वर असतात. तोल आणि सोय अशी एकमेकांशी जुळलेली क्वचितच दिसते. पण रात्री पाऊस झाला की हिशोब बिघडतो. सुती राहुटी पोटभर पाणी पिते आणि जे सगळ्यात हलकं म्हणून वर ठेवायचं, तेच जड होऊन वर चढतं. गाडीचा गुरुत्वमध्य उचलला जातो आणि वळणावर टप झुलायला लागतो. जीपच्या कॅरिअरवर ही गोष्ट अधिक टोचते. बऱ्याच छोट्या गाड्यांच्या टपाची मर्यादा 50 ते 75 किलोच्या आसपास असते, आणि कॅरिअरचं स्वतःचं वजनही त्यातच धरायचं असतं. ओला तंबू टपावर नको, डिकीत टाका, हे माझं स्पष्ट मत.

आता दोर. ट्रकवाले दोर वरून खाली आणतात, अर्ध्यावर त्याचा एक फास करतात, टोक हौद्याच्या खालच्या हुकातून घालून परत त्या फासातून ओढतात आणि अंगाचा भार देऊन लटकतात. एवढ्याशा करामतीत एक अख्खी कप्पी तयार होते, चाकाशिवायची. कागदावर बघाल तर हाताच्या ओढीच्या तिप्पट ताण वरच्या दोरात यायला हवा. तेवढा येत नाही, दोरावर दोर घासतो आणि बराच वाटा खाऊन टाकतो. पण ओढताना आपलं नुकसान करणारं हेच घर्षण हात सैल सोडल्यावर दोराला मागे सरकू देत नाही, आणि गाठ मारायला उसंत मिळते.

घर्षणाची खरी जादू वेढ्यांत आहे. अठराव्या शतकात लिओनहार्ट ऑयलर या गणितज्ञानं तिचा हिशोब मांडला. दोर आणि दांडी बेताची खरखरीत असतील, तर एका पूर्ण वेढ्यानं 1 किलोची ओढ साडेसहा किलोला रोखते. दुसऱ्या वेढ्यानं तेरा नाही, सुमारे 43. तिसऱ्यानं 280च्या घरात. इथं बेरीज नाही, प्रत्येक वेढ्याला गुणाकार आहे. मारका खोंड आवरताना पोरगं कासऱ्याचे दोन वेढे खुंट्याला मारून निवांत उभं राहतं, ते याच हिशोबावर. आणि म्हणूनच हुकाला दोर नुसता अडकवण्यापेक्षा दोन वेढे देऊन मग गाठ मारलेली केव्हाही बरी. गाठीवर मग भार असा उरतच नाही.

जाणता क्लीनर शेवटी आवळलेल्या दोराला बोटानं छेडतो. ढिला दोर भद्द करतो, ताठ दोर टणकारतो. 1636 साली मारिन मर्सेन यानं तारांचा जो नियम छापला, तो या दोरालाही लागू आहे. लांबी तीच ठेवून ताण चौपट केला की सूर एक सप्तक वर चढतो. दिंडीत पुढे वीणेकरी खुंटी पिळून जे करतो, तेच मागे क्लीनर हुकापाशी करत असतो. पत्र्याच्या ट्रंकेच्या कडेवरून दोर जात असेल तर तिथं मात्र गोणपाटाची घडी घालायची. ताठ दोर धारदार कडेवर थोडा थोडा कापला जातो आणि ते वरून दिसतही नाही.

दोर कशाचा आहे, यालाही महत्त्व आहे. सुती दोर भिजला की धागे फुगतात, पीळ जाड होतो आणि दोर चक्क आखडतो. जुन्या राहुट्यांचे ताणे पावसात सैल करावे लागायचे ते यामुळेच, नाहीतर खुंट्या उपटायच्या. नायलॉन उलट वागतं, भिजलं की किंचित सैलावतं. पावसानं एक दोर आवळावा आणि दुसरा ढिला करावा, हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला खरंच वाटलं नव्हतं.

ताडपत्रीची बहुतेकांना काळजी असते ती पावसापुरती. तिचा खरा वैरी वारा. दोन ताडपत्र्या जोडायच्या असतील तर पुढची मागचीवर चढवायची, कौलं लावावीत तशी. फक्त कौलं पाण्याच्या वाटेनं लावतात आणि ही वाऱ्याच्या. उलट लावली की पुढून वारा आत शिरतो, ताडपत्री फुग्यासारखी उठते आणि कोपऱ्याच्या कड्या फडफडून फडफडून फाटतात.

वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गानं वाढतो. समजा गाडी ताशी 50 किलोमीटरनं इंदापूरकडे चालली आहे आणि पाठचा वारा 25चा आहे. टपाला लागणारा वारा उरतो 25चा. त्याचा आडव्या कापडावरचा दाब चौरस मीटरला जेमतेम 3 किलो. आता तीच गाडी त्याच वेगानं पंढरपूरहून परत निघते. वारा आता तोंडावर, टपाला 75चा लागतो. दाब होतो चौरस मीटरला सुमारे 26 किलो. वेगाचा काटा दोन्ही वेळा 50च दाखवतो, पण ताडपत्रीला सोसावं लागतं नऊपट.

त्यात पाटस, बारामती, इंदापूर या पालखी मार्गाचं चौपदरीकरण हाती घेतलेलं आहे. रुंद रस्त्यावर पाय आपोआप दाबला जातो, आणि 50चे 80 झाले की समोरच्या वाऱ्यात तो दाब आणखी दुप्पट होतो. जाताना टिकलेल्या बांधणीवर परतीचा भरवसा ठेवू नका. निघण्याआधी ताडपत्रीची पुढची कड खाली दुमडून बांधा, आणि पहिल्या दहा किलोमीटरनंतर गाडी बाजूला घ्या. हादऱ्यांनी सामान तोवर बसलेलं असतं आणि दोर हमखास ढिला झालेला असतो. तो पुन्हा आवळा आणि मगच पुढे चला.